तिकिटं काढली आहेत, आता नाही म्हणू नका

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

ऑक्टोबरची तिकिटं काढली. बाबा फोनवर ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणाले तेव्हाच ठरवलं, आता विचारत बसायचं नाही. विमानतळावर दोघांसाठी व्हीलचेअर सांगितली आहे. बाबा, तिला नको म्हणायचं नाही. चालता येत नाही म्हणून ती नसते, रांगेत ताटकळायला लागू नये म्हणून असते.

नायगारा नाही, न्यूयॉर्क नाही, यावर काकू काय म्हणेल ते माहीत आहे. पण मी राहते तो न्यू मेक्सिको राज्याचा मुलूख तुम्हाला दाखवायचाय. आमच्या अल्बुकर्कीहून चौदा नंबरच्या जुन्या रस्त्याने सांताफे, तिथून डोंगरवाटेने ताओस. हमरस्त्याने सांताफेला तासाभरात पोचता येतं, पण आपण अख्खा दिवस घेणार आहोत. आई, वाळवंट म्हणजे वाळूचे ढीग नव्हेत गं. तांबूस माती, पिन्यॉनची बुटकी झाडं आणि ऑक्टोबरात नदीकाठी पिवळेधमक झालेले कॉटनवूड.

बाबा, हा रस्ता मी मॅड्रिड नावाच्या गावासाठी निवडला. कोळशाचं गाव. घरं, दुकान, सगळं कंपनीचं. कठीण आणि मऊ, दोन्ही जातींचा कोळसा तिथे निघायचा. नाताळात खाणकामगार अख्खं गाव दिव्यांनी सजवायचे, लांबून लोक बघायला यायचे. पुढे कोळशाला गिऱ्हाईक उरलं नाही. १९५४ मध्ये मालकाने आख्खं गाव अडीच लाख डॉलरला विकायला काढलं, घेणारा मिळाला नाही. सत्तरच्या दशकात कलाकार मंडळी त्या रिकाम्या लाकडी क्वार्टरांत राहायला आली, आता तिथे त्यांची दुकानं आहेत. जुनं वाफेचं इंजिनही आहे. ते बघताना मला आपली माजरीची कोळसाखाण आठवते, सेकंड शिफ्टचा भोंगा, आणि तुम्ही डब्यात माझ्यासाठी मुद्दाम उरवून आणायचात ती अर्धी पोळी. क्वार्टर सोडलं त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नव्हतात. मॅड्रिडमध्ये बोलावंसं वाटलं तर मी ऐकायला आहे. नाही वाटलं तरी चालेल, नुसतं हिंडू.

आई, तुझ्यासाठी चिमायो. १८१६ मध्ये बांधून झालेलं मातीचं छोटं चर्च. आतल्या खोलीत जमिनीत एक खळगा आहे, त्यातली माती लोक श्रद्धेने घरी नेतात, दुखऱ्या अंगाला लावतात. गुड फ्रायडेला हजारो माणसं तिथे चालत येतात. ताओसच्या अलीकडे रांचोस गावात तर चर्चच्या भिंती गावकरी दर जूनमध्ये स्वतः माती-गवताने लिंपतात. तू नुसता हात फिरवून सांगशील लिंपण कसं झालंय ते. शेवटी ताओस प्वेब्लो. मूळ रहिवाशांची शेकडो वर्षांची मातीची घरं, एकावर एक चढवलेली, १९९२ पासून जागतिक वारसा, आणि माणसं अजून राहतात तिथे. बाबा, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही.

आता उंचीचं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर, माझं घरच सोळाशेवर, सांताफे एकवीसशेच्या वर, वाटेतलं ट्रुचास चोवीसशेच्याही वर. म्हणून पहिला आठवडा घरीच, नुसता आराम. डॉक्टरांशी मी बोलले आहे. त्यांची परवानगी आहे, फक्त हळूहळू चढा आणि पाणी पीत राहा म्हणाले. धाप लागली तर तिथूनच मागे फिरू, मला जराही वाईट वाटणार नाही. गाडी मी चालवणार, तासातासाला थांबणार. आई, पुढची सीट तुझी, गुडघे लांब करता येतात. खोल्या तळमजल्यावरच्या घेतल्यात, स्वयंपाकघरासकट. कुकर आणि आल्याचा चहा सोबत असेल. इथल्या घेवड्यात कधीकधी डुकराची चरबी असते, ते मी विचारूनच मागवेन. भाजलेल्या हिरव्या मिरच्या मात्र तुला फार आवडतील.

लोकरी टोपी आणा, रात्री कडक थंडी पडते. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, तेव्हा तुपाची छोटी डबी सामानात टाक. गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. बाबा, संध्याकाळचं फिरणं आजपासून सुरू, पाऊस असेल तर व्हरांड्यात. आणि इकोचा रिपोर्ट याच आठवड्यात दादाकडून पाठवा, मी वाट बघतेय.

तुमची,
बबी