थोरल्या आईचा फोटो

सॉल्ट लेक सिटी

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, आधी सगळं वाचा, मग फोन करा. गुरुवारी फ्रेमवाले येतील. अण्णाकाकांकडच्या जुन्या फोटोतून थोरल्या आईचा चेहरा मोठा करून घेतलाय. तुम्हाला न विचारता केलं, चुकलंच. पण विचारलं असतं तर तुम्ही “बघू” म्हणाला असतात.

तात्याआजोबांना मी दोष देत नाही. दुसऱ्या लग्नाला बंदी घालणारा 1946 चा कायदा यायच्या आधीचं ते. मूल नाही म्हणून दुसरी करणं तेव्हा घरोघर चालायचं. धाकट्या आजीचा फोटो जिथे आहे तिथेच राहील, थोरलीचा फक्त शेजारी लागेल.

हे मनात आलं ते इथल्या पुस्तकांमुळे. मॉर्मन या ख्रिस्ती पंथात 1852 पासून उघडपणे अनेक बायका करत, 1890 मध्ये पंथाने ते थांबवायचं जाहीर केलं. पंथाचे एक प्रमुख होते ब्रिगम यंग, त्यांना तर पन्नासहून जास्त बायका. त्यांतल्या बऱ्याच जणी राहायच्या ते घर अजून उभं आहे, दारावर सिंह बसलेला. जाता-येता दिसतं.

त्या घरांतल्या बायकांनी लिहिलेलं मी रात्री वाचत बसते. अ‍ॅनी क्लार्क टॅनर 1883 मध्ये दुसरेपणावर गेली. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी माहेरी एकटीच दूध-पाव खात बसली होती. पुढे कायद्याचा ससेमिरा लागला, तेव्हा अशा कितीतरी जणी दिवस गेले की लपून राहायच्या, कारण मूल म्हणजेच पुरावा. ते वाचताना धाकटी आजी आठवत होती. मग एका ठिकाणी त्यांच्या लग्नाचा विधी आला. पहिली बायको स्वतः नवरीचा हात नवऱ्याच्या हातात द्यायची. आई, मी पुस्तक मिटूनच ठेवलं. धाकटीची ओटी थोरलीनेच भरली होती ना? तूच सांगितलं होतंस, तांदूळ निवडता निवडता.

आपलं घर तसं नव्हतं, बाबा. त्यांच्याकडे धर्माची आज्ञा होती. आणि तुम्ही तर थोरलीच्याच मांडीवर वाढलात. मलाही ती चुलीपाशी बसवून भाकरीचा पापुद्रा सोडवायची, आत लोणी आणि मिठाचे दोन खडे. वाफेने बोट भाजायचं तर आधी स्वतःच्या बोटावर धरायची. तिला मी कधी जेवताना पाहिलंच नाही. एवढ्या मोठ्या भिंतीवर तिला वीतभर जागा नसावी, हे मला सहन होईना. तुम्हाला दुखवायचं नाही हो बाबा, खरंच नाही.

फ्रेमवाल्यांना चारनंतर यायला सांगितलंय, तुमची झोप मोडणार नाही. पलंग हलवायचा नाही, धूळ पडू नये म्हणून चादर तेच आणतील. पैसे दिलेत. बाबा, स्टुलावर चढायचं नाही. परवाची चक्कर मला आईने सांगितली आहे. बीपीची गोळी सकाळीच, चहाच्या आधी. आणि आई, त्या निमित्ताने पेढे आणू नकोस, शुगर वाढलीय तुझी.

हार घालावासा वाटला नाही तर राहू दे. फोटोखाली नाव घातलंय, भागीरथी. मला ते माहीतच नव्हतं, अण्णाकाकांना विचारून घेतलं. बरोबर आहे का तेवढं बघा आणि कळवा.

तुमची,
माई