मंत्रिमहोदय, पालकांना भाषण नको, वही हवी

माननीय मंत्रिमहोदय,
सादर प्रणाम. पत्रावर खात्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही; नाही तरी ते चार टेबलं फिरणारच.

गेल्या रविवारी ‘मूल आणि पालक लेखन कार्यशाळा’ म्हणून आम्हाला शाळेत बोलावलंत. ऐन काजूच्या हंगामात, बोंडू झाडाखाली टाकून आम्ही आलो. सव्वा तास सत्कार, चाळीस मिनिटं आपलं भाषण. पेन्सिल एकाच माणसाच्या हातात दिसली, हजेरी घेणाऱ्याच्या. कबूल केलेल्या वह्या म्हणे ‘पुढच्या आठवड्यात’.

तेवढ्या वेळात काय झालं असतं, ऐका. मूल आधी बोलतं, मग चित्र काढतं, मग लिहितं. पाच मिनिटं गप्पा, एक चित्र, चित्रातल्या वस्तूंना नावं, त्या नावांतून दोन-तीन वाक्यं, आणि शेवटी मुलाने ती मोठ्याने वाचायची. वाचताना गाळलेला शब्द त्याचं त्यालाच सापडतो. एवढ्याला पंधरा मिनिटं लागतात, आठवड्यातून तीनदा. त्याच पानावर आईने किंवा बापाने आपलंही एक वाक्य लिहायचं आणि मुलादेखत खोडून सुधारायचं. मोठी माणसंही खोडतात हे मुलांना कुठे दिसतं?

घरोघरी होतं ते उलटंच. पालक निबंध सांगतात, मूल उतरवून घेतं. शाळेत ‘शुद्धलेखन’ म्हणजे दहा ओळी बघून लिहिणं. त्याने अक्षर वळणदार होतं, पण स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही. वर लाल पेन. एका पानावर बारा गोल दिसले की पुढच्या वेळी मूल तीनच शब्द लिहितं, कारण कमी लिहिलं की चुकाही कमी. एका वेळी एकच चूक धरावी. ‘भात’चा ‘मात’ आणि ‘धन’चं ‘घन’ का होतं, हे कुणी सांगितलं का? भ आणि ध यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते, म आणि घ यांची अखंड. मूल शब्द संपल्यावर वरची रेघ एका दमात ओढतं आणि अक्षरच बदलतं. भ-ध आला की हात उचलायचा, एवढंच आठवडाभर सांगावं. ऱ्हस्व-दीर्घ थांबेल.

दुसरी गोष्ट घरच्या भाषेची, कोकणीची. मूल ‘म्हाका भूक लागल्या’ लिहितं आणि त्यावर काट बसते. लिपी तीच, देवनागरी. कच्च्या खर्ड्यात ते राहू द्या, पक्क्यात ‘मला भूक लागली’ होईल. पण गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यापासून मोठ्यांचं कोकणी-मराठीचं भांडण मिटेना, त्यात हा खर्डा कुणाच्या लक्षात राहणार!

लिहिता न येणारी आजी यात कुचकामी, असं आपले अधिकारी धरून चालतात. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांचं, सामान आजीच सांगते: कांगल्या, आंबाडे, सुपारीची शिपटी. तिने सांगावं, नातीने चिठ्ठ्या लिहून एकेका वस्तूला बांधाव्यात. ‘कांगल्या’ लिहिताना अनुस्वार आणि जोडाक्षर दोन्ही हाताखालून जातात.

हे सगळं शिक्षकावर टाकू नका. 35 मिनिटांची तासिका, 25 मुलं. भागाकार करा, दीड मिनिटसुद्धा येत नाही. उरलेला वेळ माहिती भरण्यात आणि फोटो पाठवण्यात. जुलै 2021 मध्ये केंद्राचं ‘निपुण भारत’ अभियान आलं. 2026-27 पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला लिहिता-वाचता येईल, असा शब्द देशाला दिला. तो फोटोंनी पुरा व्हायचा आहे का? गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी गावोगाव शाळा काढल्या, आणि आता पटसंख्येचा तक्ता दाखवून त्याच शाळांना कुलपं लावायची भाषा चालते. इमारतीला रंग मिळतो, स्टेजला कनात मिळते, दुरेघी वही मात्र मिळत नाही. वहीला चाळीस रुपये पडतील की पन्नास, बाजारात विचारा. रविवारच्या हारांचा हिशेब आम्हीच विचारू.

पुढच्या वेळी स्टेज नको. चटया आणा, मुलामागे एक दुरेघी वही आणि एक टूबी पेन्सिल. एचबी दाबावी लागते, लहान बोटं लवकर दुखतात. मग आमच्याबरोबर चटईवर बसा आणि मुलांसमोर चार वाक्यं लिहा. विषय: ‘गेल्या रविवारी मी काय केलं’. खोडलंत तरी चालेल.

आपले,
दुसरी-तिसरीतल्या मुलांचे पालक, सत्तरी तालुका, गोवा