बटण दाबल्यावर पलीकडे कोण?

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तुम्ही चौघांनी महिलांच्या सुरक्षेचं अ‍ॅप घेतलंय, हे ऐकून खूप बरं वाटलं. फोनवर तू घाईत होतास, माझीही ड्यूटीची वेळ झाली होती, म्हणून आता सविस्तर लिहिते. तू म्हणालास, "एक लाल बटण, दाबलं की घरच्यांना मेसेज आणि लोकेशन." तेवढं तुम्ही सहज कराल. मला विचारायचंय ते त्याच्या पुढचं. मेसेज गेला, तो वाचणारा कोण, त्या वेळी तो जागा आहे का, आणि वाचल्यावर त्यानं नेमकं करायचं काय?

आमच्या वॉर्डात कॉटशेजारी बेल असते. कोणत्या कॉटची बेल वाजली की कोणत्या सिस्टरनं जायचं, हे ड्यूटी लावतानाच ठरतं. ते ठरलेलं नसलं की बेल सगळ्यांना ऐकू येते आणि जी ती समजते, दुसरी गेली असेल. पाच जणांना एकदम मेसेज पाठवून थांबणाऱ्या अ‍ॅपचंही तेच होणार. म्हणून मेसेजखाली 'मी बघतोय' असं एक उत्तर ठेव. एकानं ते दाबलं की बाकीच्यांना कळावं, आणि जिनं हाक मारली तिला तर सगळ्यात आधी कळावं. कुणीच उत्तर दिलं नाही तर अ‍ॅपनं गप्प बसू नये, ११२ या आपत्कालीन नंबरचं बटण तिच्यासमोर आणावं. आणि तुझ्यासारखा मुलगा पुण्यात असताना मिरजेत आईचा मेसेज आला तर त्यानं काय करायचं? तो धावत येऊ शकत नाही. तेव्हा त्याच्या स्क्रीनवर तिचा पत्ता वाचता येईल असा हवा, नुसता नकाशावरचा ठिपका नको. फोनवर पोलिसांना सांगताना ठिपका वाचून दाखवता येत नाही.

११२ ची यंत्रणा आधीच उभी आहे, तीच पुन्हा बांधत बसू नका. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत त्या मुलीवर अत्याचार झाला, त्यानंतर २०१३ मध्ये निर्भया निधी आला आणि त्याच्या पैशांतून ही एकच आपत्कालीन क्रमांकाची सोय झाली. १ जानेवारी २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलला पॅनिक बटण असलंच पाहिजे, असा नियम आहे. आजीच्या साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबायचं. काही फोनवर ते पाचदा आहे, काहींवर सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावं लागतं. आमच्या चेंजिंग रूममध्ये मी विचारलं, तर बहुतेक जणींना हे माहीतच नव्हतं. हातात रोज फोन, आणि त्यातली ही सोय कुणी दाखवलेलीच नाही! तुमच्या अ‍ॅपनं पहिल्याच दिवशी 'तुमच्या फोनवर हे असं चालतं' एवढं दाखवलं, तरी मला ते मोठं काम वाटेल. '११२ इंडिया' अ‍ॅपमध्ये 'शाऊट' नावाची बायकांसाठीची सोय आहे, त्यात जवळपासच्या नोंदणी केलेल्या स्वयंसेवकांनाही निरोप जातो. ती नीट अभ्यासा. संकटात लांबच्या नवऱ्यापेक्षा शेजारच्या दुकानातला माणूस आधी पोहोचतो.

दिल्ली पोलिसांनी जानेवारी २०१५ मध्ये 'हिम्मत' अ‍ॅप आणलं होतं. हेतू चांगला होता, पण शहराच्या मानानं फार थोड्या बायकांनी नोंदणी केली. ज्या बाईला अ‍ॅप घ्यायचंय तिच्याकडे वेळ किती असतो, हे लक्षात ठेव. आमच्यातल्या मावशी रात्री साडेनऊला सुटतात, वडाप म्हणजे शेअर जीप पकडून मालगावला जातात, घरी जाऊन भाकरी थापतात. त्यांना ओटीपी, ईमेल, पासवर्ड सांगशील तर त्या अ‍ॅप काढून टाकतील. सगळं मराठीत ठेव आणि अक्षर मोठं ठेव. रस्त्यात जिथं नेट जातं तिथंही साधा एसएमएस जायला हवा. आणखी एक: बॅटरी वाचवायला फोन मागे चालणारी अ‍ॅप स्वतःच बंद करतो. आमच्या एका सिस्टरचं अ‍ॅप असंच बंद पडलेलं होतं, तिला पत्ताच नव्हता. अ‍ॅप जिवंत आहे की नाही, हे तिला रोज दिसलं पाहिजे.

आता जे तुम्हा मुलांच्या डोक्यात सहसा येत नाही ते. तुम्ही अंधारा रस्ता आणि अनोळखी माणूस डोळ्यांपुढे धरून अ‍ॅप बनवता. पोलिसांच्या नोंदींत बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. अरुणा शानबाग हे नाव कुठल्याही नर्सला सांगावं लागत नाही. ती मुंबईच्या केईएम रुग्णालयात नर्स होती. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिच्यावर हल्ला झाला तो रुग्णालयाच्या आतच, आणि करणारा तिथंच काम करणारा होता. ती तिथंच जवळजवळ ४२ वर्षं पडून राहिली आणि २०१५ मध्ये गेली. माझ्या मनातून ती कधी जात नाही.

म्हणून कर्कश सायरन आपोआप वाजवू नकोस. रस्त्यावर त्यानं लोक जमतील, बंद खोलीत समोरचा माणूस अधिक चवताळेल. आवाज हवा की नको, ते तिनं ठरवावं. जबरदस्तीनं 'सगळं ठीक आहे' दाबायला लावलं तर? त्यासाठी वेगळा पिन असू दे, जो टाकल्यावर अ‍ॅप बंद झाल्यासारखं दिसेल पण निरोप चालूच राहील. यादीतला माणूसच छळणारा निघाला तर त्याला कळू न देता त्याचं नाव काढता आलं पाहिजे. आणि लोकेशन तिनं मागितलं तेव्हाच जावं, घरी पोहोचली की थांबावं. चोवीस तास बायको कुठं आहे हे पाहणारा नवरा तुमच्या अ‍ॅपला चांगले तारे देईल; त्या ताऱ्यांवर जाऊ नका. ती सुरक्षा नव्हे, पाळत आहे.

बायका बटण दाबत नाहीत त्याचं एक मोठं कारण म्हणजे बोभाट्याची भीती. उगाच पोलीस आले तर, लोक काय म्हणतील. म्हणून लाल बटणाच्या आधी एक सौम्य पायरी ठेव: 'वीस मिनिटांत पोहोचले नाही तर विचारा.' ती मी स्वतः रोज वापरेन.

पुढच्या महिन्यात सुट्टीला येशील तेव्हा कच्चं अ‍ॅप घेऊन ये. मी चार-पाच सिस्टर आणि मावशींना बसवते, त्यांच्याच फोनवर टाकून बघ. आणि आजच एक कर: तुझा फोन सायलेंट असला तरी माझा आणि ताईचा नंबर वाजेल, अशी सेटिंग करून ठेव.

तुझी,
आई

ता. क. चाचणी करताना ११२ ला खरा कॉल जाऊ देऊ नका. तिथं दुसऱ्या कुणाची लाइन अडून राहील.