तीन ओळींचे कार्ड

२६ ऑक्टोबर २०२५

चि. सायली हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

बुधवारी फोनवर मी जे बोललो ते बोलायला नको होते. अंगात ताप असताना तू चार दिवस खोलीत एकटी पडून होतीस आणि पाचव्या दिवशी कॉफीच्या दुकानातली पाळी करून आलीस, हे आम्हांला तुझ्याकडून नव्हे तर तुझ्या भावाकडून, चिन्मयकडून कळले, म्हणून मी चिडलो. ‘तुला लंडनला पाठवलेच कशाला’ हा माझा प्रश्न तर अगदीच निरर्थक होता, कारण तुला कोणी पाठवलेले नाही. तू तुझ्या गुणांवर गेली आहेस. तुमच्या आईसाहेबांनी ‘फोनवर तुम्हांला बोलता येत नाही, त्यापेक्षा लिहा’ असा निकाल दिला आहे. हे कागद चिन्मय फोटो काढून पाठवील. अक्षर लागले नाही तर त्याला विचार.

आज पहाटे तुमच्याकडची घड्याळे एक तास मागे गेली. कालपर्यंत आपल्यात साडेचार तासांचे अंतर होते, आजपासून ते साडेपाच झाले. म्हणजे तुझे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आमचे रात्रीचे साडेबारा झालेले असतात. ‘तुम्ही झोपला असाल म्हणून कळवले नाही’ हे कारण यापुढे आणखी सोपे होणार, हे माझ्या लगेच ध्यानात आले. मी झोपलेला नसतो. असलो तरी उठवावे.

आता एक गोष्ट विचारतो आणि मग या पत्रात ती पुन्हा काढणार नाही. जीपीकडे, म्हणजे तिकडच्या घराजवळच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवलेस का? व्हिसाच्या वेळी आरोग्य अधिभाराचे १,१६४ पौंड आपण आधीच भरले आहेत, वर्षाला ७७६ प्रमाणे दीड वर्षाचे. तो आकडा मला पाठ आहे, कारण तो भरताना माझा हात थरथरत होता. ते पैसे भरले म्हणजे तेथील रहिवाशांप्रमाणेच एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, उपचार तुला मिळतो, परंतु दवाखान्यात तुझे नावच नसेल तर ते तुला ओळखणार कसे? ‘पत्ता पक्का झाला की नोंदवते’ असे तू सप्टेंबरात म्हणाली होतीस. मी एनएचएसच्या संकेतस्थळावर स्वतः वाचले आहे की नोंदणीला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र किंवा व्हिसाचा कागदही लागत नाही आणि शुल्कही नाही. घराजवळचा दवाखाना शोधायचा आणि अर्ज भरायचा, एवढेच. दवाखाना बंद असेल आणि दुखणे अगदी जिवावरचे नसेल तर १११ या क्रमांकावर दिवसरात्र कोणीतरी फोन घेते. जिवावरचे असेल तर ९९९. हे तुला ठाऊक असणार. तरीही लिहिले.

दुकानातल्या पाळीचेही लिहायचे आहे. विद्यापीठाचे सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम करता येत नाही, आणि तो आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो. दोन आठवड्यांची सरासरी काढून चालत नाही. कोणाची पाळी उसनी घेताना हे विसरू नकोस, कारण दुकानदाराचे काम होऊन जाईल आणि व्हिसा तुझा जाईल. कर्जाच्या हप्त्यांची काळजी तू करावीस असे मी कधी म्हटलेले नाही. मधूकाकाने तुला काय सांगितले ते मला कळले आहे. त्याचे मी पाहून घेईन. खोलीच्या अनामत रकमेचे काय झाले? ती पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि तीस दिवसांच्या आत घरमालकाने ती मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत ठेवून तुला तसे लेखी कळवायचे असते. ते पत्र आले नसेल तर माग. कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, पूर्णवेळ विद्यार्थ्यांना माफ असतो, परंतु त्यासाठी विद्यापीठाचे प्रमाणपत्र कौन्सिलकडे द्यावे लागते. आणि गृहखात्याच्या नावाने कोणी फोन करून पैसे मागू लागला तर तो भामटा आहे असे समजून फोन ठेवून दे.

हे पुन्हा परिपत्रक झाले. आगारात तीस वर्षे सूचनाफलक लिहिले त्याचा हा परिणाम आहे, क्षमा कर.

तुझी बसची गंमत मात्र मला मनापासून आवडली. २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत आणि एकदा कार्ड टेकवले की पावणेदोन पौंडांत तासाभरात हव्या तितक्या बस बदलता येतात, हे मी जुन्या सहकाऱ्यांना सांगितले तर कोणाचा विश्वास बसेना. सुट्या पैशांवरून प्रवाशांशी भांडण्यात आमचे उमेदीचे आयुष्य गेले. ‘पहिल्या दिवशी मी वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसले आणि तुमची आठवण झाली’ असे तू लिहिले होतेस; तो निरोप मी तीन जणांना वाचून दाखवला आहे. आईने चार सांगितले असतील, तर तिचे खरे मानू नकोस.

किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घराचा फोटोही पोहोचला. बाबासाहेब १९२१-२२ साली तेथे राहत होते आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले, हे मला वाचून माहीत होते. आपल्या घरातले माणूस त्या दारात उभे असलेले पाहणे निराळे. मी तो फोटो बराच वेळ पाहिला. नंतर मनात आले की त्या काळी बोटीने आलेल्या पत्राला काही आठवडे लागत, आणि येथे घरी वाट पाहणाऱ्या रमाबाईंना जे कळे ते जुने झालेलेच असे. आज तुझी खबर क्षणात येऊ शकते, तरी ती मला पाच दिवसांनी आणि तुझ्या भावाकडून कळली. फोटोत तुझा चेहरा उतरलेला दिसत होता. मला तो थंडीने उतरला असे वाटले.

आता जे कधी सांगितले नाही ते सांगतो. १९९१ साली, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, मला परगावच्या आगारात असताना कावीळ झाली होती. पंधरा दिवस मी चालक-वाहकांच्या विश्रांतिगृहात पडून होतो आणि घरी कार्ड टाकत होतो की मी सुखरूप आहे, काळजी नसावी. तुझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. शेजारचे गुरुजी कार्ड वाचून दाखवीत. त्या खेपेला वाचून झाल्यावर तिने ते कार्ड हातात घेतले, त्यावरच्या ओळी बोटाने मोजल्या आणि म्हणाली, ‘हा नेहमी कार्ड भरून लिहितो, या वेळी तीनच ओळी आहेत.’ दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ती निघाली. तोवर ती एकटी कधी तालुक्यालाही गेली नव्हती. विश्रांतिगृहाच्या दारात ती उभी राहिली, माझे पिवळे डोळे पाहिले आणि काहीही न बोलता माझी पिशवी भरू लागली. मी मात्र तिच्यावर रागावलो, ‘कशाला आलीस, सगळे हसतील’ म्हणालो. ती काय म्हणाली ते आठवत नाही. बहुधा काहीच म्हणाली नाही.

तू गेल्यापासून मी तुझ्या निरोपांच्या ओळी मोजतो. सप्टेंबरात तू ग्रंथालयाविषयी, खोलीतल्या ओलीविषयी, नायजेरियाच्या त्या मुलीविषयी पानभर लिहीत होतीस. गेल्या आठवड्यात शनिवारी ‘ठीक’, रविवारी ‘हो’ आणि सोमवारी नुसता अंगठा आला. मला कळायला हवे होते, आणि कळले असावे. पण मी अभ्यासाचा ताण म्हणून सोडून दिले. बुधवारचा राग बराचसा याचा होता, तो तुझ्यावर निघाला. आजीला निदान पहाटेची गाडी होती.

डिसेंबरात तेथे दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो म्हणतात. अंधाराने मन खचते, हे दुखणे नव्हे असे समजू नकोस. विद्यापीठात त्यासाठीही माणसे नेमलेली असतात, त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. ती नायजेरियाची मुलगी तापात तुला औषध आणून देत होती, असे चिन्मय सांगतो. तिला आमचा नमस्कार सांग. तिच्या घरी हे कळले आहे का, तेही विचार.

खाली आईला लिहायला जागा सोडायची आहे, म्हणून थांबतो.

तुझे
बाबा

ता. क. पुन्हा काढणार नाही असे वर लिहिले आहे, तरी राहवत नाही. सोमवारी सकाळी व्याख्यानाआधी तो जीपीचा अर्ज भरून टाक. मेनिंजायटिसच्या लशीचेही त्यांनाच विचार. पंचवीस वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्यांना ती मिळते असे वाचले आहे. क्रमांक वगैरे मला कळवू नकोस, ‘नोंदवले’ एवढे लिहिलेस तरी चालेल. त्या दिवशी एका शब्दाचा निरोप आला तर मी ओळी मोजणार नाही.