शंभर पावलं तोंडाने मोजायला लावणाऱ्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी भेटणारे पीटीचे निवृत्त मास्तर, एवढीच ओळख. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर.

लेकीने मनगटावर पावलं मोजणारा पट्टा बांधला आणि मी रोजच्या दहा हजार पावलांच्या मागे लागले. रात्री अकराला आकडा कमी दिसला की हॉलमध्ये सोफ्याला प्रदक्षिणा! भजनात तासभर टाळ वाजवले की बसल्या जागी दीड हजार पावलं. आणि नातवाची बाबागाडी ढकलत पार्काला दोन फेऱ्या मारल्या तर जेमतेम पाच-सहाशे. पट्टा बिघडलाय म्हणून परत करायला निघाले होते.

तुम्ही म्हणालात, "आधी शंभर पावलं तोंडाने मोजा." हात मोकळे सोडून चालले, पट्टा म्हणाला ९६. बाबागाडी धरून चालले, तर २२! तो बिचारा पाय बघतच नाही, हाताचे हेलकावे मोजतो. आता गाडी असली की फोन ड्रेसच्या खिशात ठेवते आणि त्याचाच आकडा धरते. टाळाच्या वेळी पट्टा पर्समध्ये. (पोळ्या लाटतानाही काढून ठेवते. तेवढीच फुकटची पावलं कमी.)

मग तुम्ही खिशातून मोजपट्टी काढलीत. माझी वीस पावलं भरली ११ मीटर ६० सेंटिमीटर, म्हणजे एक पाऊल ५८ सेंटिमीटर. ॲपने उंचीवरून ७० धरलं होतं! माझ्या पाच हजार पावलांचे साडेतीन किलोमीटर नव्हते, तीनसुद्धा नव्हते. जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

दहा हजारांचं भूतही तुम्हीच उतरवलंत. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक'. आकडा तिथून रूढ झाला. तुम्ही सांगितलंत तशी आठवडाभर नेहमीसारखी चालले, सरासरी आली ४,२००. त्यात पाचशेच वाढवली. शिवाय दहा मिनिटं तरी मिनिटाला शंभरच्या चालीने. ते घड्याळ लावून स्वतःच मोजते.

सोफ्याच्या प्रदक्षिणा बंद झाल्यात. घरचे तुमचे माझ्याहून जास्त आभारी आहेत.

गेले चार दिवस तुम्ही कट्ट्यावर दिसला नाहीत. तुमची मोजपट्टी माझ्याच पर्समध्ये राहिली आहे.

आपली,
बाबागाडीवाल्या आजी