डिजिटल अरेस्टवाल्या कॉलबद्दल, सगळ्यांनी वाचा

मंडळी, बी विंगमधल्या एका काकांना काल व्हिडिओ कॉल आला, समोर खाकीवाला, म्हणे तुमच्या आधारवर ड्रग्जचं पार्सल सापडलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. नशीब, सुनेने फोन हिसकावून घेतला. डिजिटल अरेस्ट, म्हणजे अशी व्हिडिओ कॉलवरची अटक, असलं काही कायद्यात नाहीच हो! खरी अटक झाली तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, वकील करता येतो आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. पोलिसांची हजर राहायची नोटीससुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्येच सांगितलंय. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, उशीर केला की पैसे पुढच्या खात्यांत पळतात. स्क्रीनशॉट डिलीट करू नका. आजी-आजोबांना हे वाचून दाखवा, ते ग्रुप बघतातच असं नाही.