चिमे, ती तुरीची डाळ

चिमे,

काल फोनवर तू ड्युटीच्या गडबडीत होतीस म्हणून काही बोलले नाही, पण रात्रभर डोळा लागला नाही बघ माझा. आता भाकरी उरकून मोबाईलवर टाईप करत बसलेय, चुकलंमाकलं समजून घे.

तू सांगितलंस ना, ती मावशी तुमच्या नवापूरकडच्या चिंचपाड्याच्या दवाखान्यातनं नवऱ्याला घरी नेल्यावर आठ दिवसांनी परत आली, पाड्यावरनं चालत खाली उतरून मग जीप धरून, आणि गाठोड्यात घरची तुरीची डाळ आणली होती तुझ्यासाठी, आणि तू म्हणालीस नको मावशी, तुमच्या पोरांना लागेल, घेऊन जा. आणि ती घेऊन गेली. गरिबाचं कशाला घ्यायचं म्हणालीस. तुझं मन मला ठाऊक आहे बाळा, वाईट काही नव्हतंच त्यात. पण ते गाठोडं परत डोक्यावर घेऊन ती तो चढ कशी चढली असेल, तेवढंच माझ्या डोळ्यापुढनं हलंना झालंय.

तुला मिरजेचं अर्धवटच सांगितलंय आम्ही. १९९४ साल, मिशन हॉस्पिटलला शंभर वर्षं झाली होती त्या वर्षी. दादा तुझा साडेतीन वर्षांचा, आंघोळीचं आंधण उतरवताना माझ्या हातनं निसटलं आणि पोराच्या पाठीवर गेलं. जतवरनं एसटीनं मिरजेला नेईपर्यंत मी त्याला केळीच्या पानावर धरलं होतं. सव्वीस दिवस राहिलो आम्ही. रोज ड्रेसिंगला पोरगं किंचाळायचं आणि एक सिस्टर होत्या त्या पट्टी आधी पाण्यानं भिजवून, गाणं म्हणत म्हणत, नखाएवढी नखाएवढी सोडवायच्या, एका ड्रेसिंगला तास लागला तरी घाई नाही. आपली आजी माळकरी, पण सकाळी वॉर्डात प्रार्थना झाली की तीपण डोळे मिटून हात जोडायची. बिलाच्या वेळी बाबांकडे निम्मेच पैसे निघाले, बाकीचे त्यांनी सोडून दिले.

बाबांना हलकं वाटलं. आजीला नाही. फुकटचं अंगावर घेऊन मी मरायची नाही म्हणाली. पैसे तर नव्हते, मग तिनं वाकळ शिवायला घेतली. आत जुनी धोतरं, लुगडी आणि वर तिचं ठेवणीतलं इरकली, जे ती फक्त पंढरीला नेसायची ते. मी म्हटलं आत्याबाई ते नको, तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन महिने रोज दुपारी उंबऱ्यात बसून धावदोरा घालायची, डोळ्याला कमी दिसायचं तर सुईत दोरा मी ओवून द्यायचे.

मग दोघी गेलो मिरजेला. सिस्टर ड्रेसिंगच्या ट्रॉलीजवळ होत्या. त्यांनी हात धुतले, पुसले, आणि वाकळ दोन्ही हातांनी घेतली. नको म्हणाल्या नाहीत, कशाला त्रास घेतला म्हणाल्या नाहीत. टाक्यांवरनं हात फिरवत विचारलं, आजी किती दिवस लागले हो? आजीनं सांगितलं. मग तिथल्या तिथं शेजारच्या खाटेवर एक पोरगं पाय पोटाशी घेऊन झोपलं होतं त्याच्या अंगावर घातली. मला वाटलं आता आजी रागावणार, तिचं इरकली कुणाच्या कुणाच्या अंगावर. तर ती बाई खाटेजवळ जाऊन त्याच्या पायाखाली वाकळ नीट दाबून आली! आणि परतीच्या एसटीत जत येईपर्यंत बोलत होती, आयुष्यात इतकं बोलली नसेल.

म्हणून सांगते, घ्यायला लाजू नकोस गं. मिरजेचा तो दवाखाना काढणारे वानलेस डॉक्टर कॅनडातनं १८८९ ला आले ते काय खजिना घेऊन आले होते? जागा मिरजेच्या संस्थानिकांनी दिली, बांधायला पैसे फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्सनी दिले, रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यातला माणूस तो. डॉक्टरांनी मोकळ्या हातानं घेतलं म्हणून तर दवाखाना उभा राहिला, आणि तुझ्या दादाची पाठ आज शर्ट काढला तरच कळते. मोठ्यांचं घेतलं तर देणगी, आणि त्या मावशीचं घेतलं तर पाप, असं कसं?

तू चिंचपाड्याला गेलीस तेव्हा बाबा म्हणाले इतक्या लांब कशाला, सांगलीत काय हॉस्पिटलं नाहीत का. मी काही बोलले नाही, पण मनात म्हटलं आजी असती तर तिनंच पोरीची बॅग भरून दिली असती.

आता एक कर. तिचा नवरा पट्टी बदलायला येईलच ना, तेव्हा तूच विचार, मावशी ती डाळ आहे का हो अजून. संपली असली तर पुढच्या सुगीला आणा म्हण, मी वाट बघते म्हण. नवापूरच्या तुरीला भौगोलिक मानांकन आहे, सगळे नावाजतात, आणि तुझ्या आईनं अजून चाखली नाही. आणलीन तर दोन्ही हातांनी घे. लसूण सढळ हातानं घालून मेसमध्ये सगळ्यांना वाढ, आणि मूठभर दिवाळीला येताना माझ्यासाठी आण.

आजीची दुसरी वाकळ माळ्यावर आहे, उन्हात घालून ठेवलीय. तिकडं थंडी फार पडते म्हणालीस, कुणी इकडनं येणार असलं तर कळव, पाठवते. तुझ्यासाठी म्हणून पाठवतेय, पुढं कुणाच्या अंगावर घालायची ते तू बघ.

जेवत जा वेळेवर.

तुझी आई